एकशे पासष्ट पौंडांचे स्नोशू

९ नोव्हेंबर, रविवार

काल क्लबच्या जेवणात ओव्हिलाकाकांनी जाहीर केलं की हा त्यांचा शेवटचा हिवाळा. चौऱ्याऐंशी झाले, गुडघे गेले. बावीस वर्षं अध्यक्षपद भूषवलं म्हणे. भूषवलं म्हणजे दर फेब्रुवारीत सगळ्यांच्या पुढे चालले आणि झोपडीत पोचल्यावर बेसूर गायले. बस ठरवणं, पावत्या, बीन्स कोण आणणार, सरपण कोण, हे सगळं सचिवाने केलं. सचिव मी. अकरा वर्षं.

‘पांढरा ससा स्नोशू क्लब’चा पुढचा अध्यक्ष कोण हा प्रश्नच नाही. टाळ्या काकांसाठी वाजल्या, पण लोक माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यावर भिंतीला घड्याळ आहे हे खरं, पण ते कितीतरी दिवस बंदच आहे.

मतदान जुन्या रीतीने, फेब्रुवारीत, वर शिक-शॉक डोंगरावरच्या झोपडीवर. उमेदवाराने आपल्या पायांनी, आपल्या स्नोशूंवर, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद जाळीदार चौकटींवर, तिथवर यायचं आणि ते दारासमोर बर्फात उभे रोवायचे. मग प्रत्येक सभासद आपला एक हातमोजा हव्या त्या जोडीवर अडकवतो. गुप्त वगैरे काही नाही. कोणाच्या घरी कुठल्या रंगाची लोकर विणतात हे गावाला पाठ आहे. आमच्या घरची लाल, मनगटाशी पांढरा पट्टा. रेजान विणते.

अडचण एकच. तळघरातून माझे स्नोशू काढले तर त्यांचं चामड्याचं जाळं उंदरांनी फस्त केलेलं. नुसती लाकडी चौकट उरली आहे. रेजानने विचारलं, शेवटचे कधी घातले होतेस? बायकोला काय जातं विचारायला. सचिवाला चालायला वेळ असतो का?

संकल्प: नवे स्नोशू. निवड शास्त्रशुद्ध.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

वजनकाटा. आधी रेजान उभी राहिली. एकशे पासष्ट पौंड. मी म्हणालो, साठीला टेकलीस, आता जरा बघ स्वतःकडे. तिने टॉवेल उचलला आणि निघून गेली. भल्यासाठी सांगितलेलं तिला कधी पटत नाही.

मग मी. दोनशे अडतीस. काटा बिघडला आहे. बेसिनला हात टेकवून पुन्हा पाहिलं: दोनशे एकवीस. एका मिनिटात सतरा पौंडांचा फरक. यावरून त्या काट्याची लायकी कळते. रेजानचा आकडा मात्र बरोबर असावा. दिसतेच ती तेवढी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर अभ्यास. स्नोशूत तीन गोष्टी बघायच्या. तळाचे दात, चढावर पकड घेणारे. बुटाचा पट्टा, हातमोजा न काढता आवळता येईल असा. आणि आकार. आकाराचं तत्त्व सोपं आहे: वजन जितकं जास्त तितका स्नोशू मोठा, म्हणजे भुसभुशीत बर्फात माणूस खाली जात नाही. पाठीवरची पिशवीही वजनात धरायची. लोक फसतात ते इथेच. माणूस स्वतःच्या वजनाबद्दल बेधडक खोटं बोलतो. मी विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे पकडले आहेत. खोटं बोलणाऱ्याची मान आधी लाल होते.

संध्याकाळी हे सगळं रेजानला समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, यंदा मलाही झोपडीपर्यंत यायचंय, माझ्यासाठी एक जोडी घेऊ या का? मी म्हणालो, दर वर्षी तू खाली बसपाशी थांबून वाटाण्याचं सूप करतेस तेच बरं आहे. फारच हौस असली तर क्लबच्या कोठीत एक जुनी जोडी पडली आहे. मी तुडवलेल्या वाटेवरून मागून येणाऱ्याला नवे स्नोशू कशाला?

ती पटलं म्हणाली नाही, पण बोललीही नाही. म्हणजे पटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुकान. गर्दी फार, अर्धं गाव तिथेच. नेमकी युगेतही. ही आयुष्यभर शाळेची बस चालवायची. नवऱ्याला पुरलं आणि वर्षभरात क्लबात आली. हसते ती बसचा हॉर्न वाजावा तशी.

विक्रेत्याने तिला वजन विचारलं. या बाईने चारचौघांत, खणखणीत आवाजात सांगितलं, “दोनशे दहा. पिशवी आणि ब्रँडी धरून दोनशे चाळीस. सगळ्यांत रुंद काढ बाबा, मला बुडायचं नाहीये.”

दुकान हसलं. तीही हसली. मला तिच्यासाठी लाज वाटली. तिने घेतलेले स्नोशू म्हणजे दोन दरवाजे आहेत. पैसे देताना म्हणाली, नॉर्मां, मीसुद्धा अध्यक्षपदाला उभी राहतेय हं. मी शुभेच्छा दिल्या. मोठ्या मनाने.

मग विक्रेत्याने मला विचारलं. सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, एकशे पासष्ट. पिशवीसकट, असंही मी जोडलं. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग आत गेला. रेजान शेजारीच उभी होती. तिला आकडा ओळखीचा वाटला असावा.

याला खोटं म्हणता येणार नाही. हे उद्दिष्ट आहे. फेब्रुवारीत मी जो असेन त्या माणसासाठी मी खरेदी केली.

स्नोशू अप्रतिम. चंदेरी, अरुंद, वजनाला पाखराएवढे. दुकानात खूप उकडत होतं, त्यामुळे मान लाल झाली होती.

१ डिसेंबर, सोमवार

डाएट सुरू. सकाळी कोरी कॉफी, एक सफरचंद. प्रसन्न वाटतंय. हे मी वर्षापूर्वीच करायला हवं होतं.

दुपार: चक्कर येईल की काय अशी शंका आली. दोन डोनट, औषध म्हणून.

रात्र: डाएट एकदम सुरू केलं तर हृदयावर ताण येतो असं कुठेतरी वाचलं आहे. वाचलं नसेल तर कोणीतरी लिहायला हवं. टप्प्याटप्प्याने घेतो.

२५ डिसेंबर, गुरुवार

सासूबाईंकडे. टर्की. डुकराचं मांस भरलेली तूर्तिएर, तीनदा. मेपलच्या पाकातलं पुडिंग. सासूबाई पंच्याण्णव वर्षांच्या आहेत, त्यांचं मन मोडवत नाही. तिसऱ्या वेळेला त्या झोपल्या होत्या, पण तत्त्व ते तत्त्व.

१० जानेवारी, शनिवार

चाचणी. नगरपालिकेच्या बागेत नव्या स्नोशूंवर वीस मिनिटं चाललो. एक इंचसुद्धा खाली गेलो नाही. लोक तिथे कुत्री फिरवतात, त्यामुळे वाट टणक आहे, तरीपण.

रेजान म्हणाली, तिकडे कुंपणापाशी कोणी न तुडवलेल्या बर्फात चालून बघ, डोंगरावर तसाच असतो. मी सांगितलं, यंत्राची चाचणी ठरलेल्या परिस्थितीतच घ्यायची असते. परत येताना बेकरीत चॉकलेट घेतलं. वीस मिनिटांत किती पौंड गेले असतील याचा अंदाज केला. पाच तरी.

२४ जानेवारी, शनिवार

प्रचार उत्तम. अकरा सभासदांशी बोललो, सगळ्यांनी माझा हात धरून ‘बघू’ म्हटलं.

युगेतबद्दल मी कोणाला एक वाकडा शब्द सांगितलेला नाही. तिच्या नवऱ्याच्या मरणाचा विषय निघाला तेव्हा फक्त उसासा टाकला. बेकरीत एकदा, चर्चबाहेर दोनदा. आणि ब्रँडीचा उल्लेख केला, तो तर तिने स्वतःच दुकानात केला होता.

रेजान हल्ली मंगळवारी युगेतकडे विणायला जाते. आज विचारत होती, तिच्या नवऱ्याबद्दल काय बोललास? मी म्हटलं, काहीच नाही. हे अक्षरशः खरं आहे. ती बराच वेळ माझ्या मानेकडे बघत होती.

बरंच आहे एका अर्थी. शत्रूच्या गोटात आपलं माणूस हवंच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अध्यक्षाचा विणलेला कंबरपट्टा सचिवाच्या कपाटात असतो, म्हणजे माझ्याकडे. आज दार लावून बांधून पाहिला. दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत, वीतभर अंतर राहतं. लोकर आटते, त्यात ओव्हिलाकाकांनी कधी नीट ठेवलाच नाही. अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम: पट्ट्याची निगा.

वजन केलं नाही. बिघडलेल्या काट्याचं ऐकून मन खचवून घेण्यात अर्थ नाही.

पिशवी भरली: भाषण (चार पानं), सॉसेज, चीज, ब्रेड, केक, भाषणाची दुसरी प्रत.

रेजानने कोठीतली जुनी जोडी आणली आहे. एका स्नोशूचं जाळं फाटलेलं, ते तिने दोरीने शिवलं. म्हणजे येणारच म्हणते. ठीक आहे. मागून येऊ दे. माझ्या जोडीवर हातमोजे लटकताना बघेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार, रात्री, झोपडीत

आडवा पडून लिहितोय. अक्षराला हसू नये.

काल रात्रभर बर्फ पडला. हे कोणी कळवलं नव्हतं. रेडिओवर सांगत होते म्हणे, पण मी तेव्हा भाषण पाठ करत होतो.

पुढे चालून वाट तुडवण्याची पाळी सगळ्यांना असते आणि उमेदवाराने पहिली घ्यायची हा रिवाज. मी घेतली. पहिल्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. दुसऱ्याला मांडीपर्यंत. स्नोशू काढायला वाकलो तर हात खांद्यापर्यंत. बर्फाचा दर्जा अत्यंत वाईट. मागून येणारे माझ्या खड्ड्यांत पडायला लागले. ओव्हिलाकाका पडले. युगेत बाजूने पुढे गेली, तिच्या त्या दोन दरवाज्यांवरून, पलंगावरून चादर नीट करत जावी तशी. तिच्या मागे सपाट, टणक रस्ता. सगळे त्या रस्त्यावर वळले. रेजानही. दोघींच्या गप्पा आणि युगेतच्या हसण्याचा तो हॉर्न मला बराच वेळ ऐकू येत होता.

मी स्वतंत्र वाट घेतली. नेतृत्वाचा प्रश्न होता. देवदाराच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते हे मला माहीत आहे. नेमकी तीच पोकळी तिथे असेल हे कसं माहीत असणार? काखेपर्यंत आत गेलो. डावा गुडघा उलटा फिरला. मी हाक मारली. ओरडलो असं म्हणतात, पण ती हाक होती.

बाहेर काढायला पाच जण लागले. युगेतने आपला मफलर सोडून माझा गुडघा बांधला. बांधताना म्हणाली, दुखतंय का रे? मी उसासा टाकला. मग बीन्सच्या घसरगाडीवरून बीन्सचं मडकं काढून मला त्यावर बसवलं आणि मडकं माझ्या मांडीवर दिलं. ते गरम होतं. ओढायला चौघं, पुढच्या दोरीला युगेत. असा वर आलो.

झोपडी दिसल्यावर मी नियमाची आठवण करून दिली: उमेदवाराने आपल्या पायांनी यायचं. शेवटची दहा पावलं तरी मला चालू द्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ओव्हिलाकाका म्हणाले, चालू दे त्याला, हौस आहे तर. सगळे दारापाशी ओळीने उभे राहिले. चौथ्या पावलाला कंबरेपर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. अध्यक्षाचा पट्टा बांधायला हीच जागा योग्य आहे, असं कोणीतरी हळूच म्हणालं. कोण ते लक्षात ठेवलं आहे.

मतदान. मला खाटेवर झोपवलं होतं. उठता येईना, म्हणून माझा उजव्या हाताचा मोजा रेजानकडे दिला. खिडकीतून सगळं दिसत होतं. माझे चंदेरी स्नोशू रोवलेले, ऊन पडून छान चमकत होते. शेजारी युगेतचे.

हिरवा, निळा, करडा, पिवळा, पुन्हा निळा. सगळे तिकडे. दोघं बोलत बोलत आले आणि बोलत बोलत तिकडेच अडकवून गेले. शेवटी रेजान आली, दोन्ही हातांत एकेक लाल मोजा. माझा मोठा मोजा तिने माझ्या स्नोशूवर अडकवला. नीट अडकवला, वाऱ्याने पडू नये म्हणून आत खोचलासुद्धा. मग आपला मोजा घेऊन पुढच्या जोडीकडे गेली.

सूर्य समोर होता. दोन्ही जोड्या एवढ्या अंतरावरून सारख्याच दिसतात. गडबडीत चूक होऊ शकते. ती आत आल्यावर मी तिला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, अगं, चूक झाली तुझी, अजून बदलता येईल.

“चूक नाही झाली, नॉर्मां,” ती म्हणाली. “मी तिच्या वाटेवरून आले. तुझ्या वाटेवर नुसते खड्डे होते.”

कंबरपट्टा युगेतलाही पुरला नाही. तिने हसत हसत बुटाची नाडी सोडली, दोन टोकं नाडीने बांधली आणि नाचली. सगळे नाचले. ओव्हिलाकाका गायले. कोणी माझं भाषण मागितलं नाही. बीन्स चांगले होते.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ, झोपडीतच

गुडघा भोपळ्याएवढा. खाली नेण्यासाठी पार्कच्या ऑफिसला रेडिओवरून कळवलं. तिथल्या माणसाने विचारलं, जखमीचं वजन किती? त्यावर ठरवू म्हणाला, स्नोमोबाइलमागे छोटी घसरगाडी जोडायची की मोठी. छोटी लगेच निघेल. मोठी यायला दुपार.

रेडिओ माझ्या हातात होता. झोपडीत सगळे नाश्ता करत होते. मी सांगितलं, एकशे पासष्ट. चमचे थांबले. तो म्हणाला, मग छोटी पाठवतो.

रेजानने माझ्या हातातून रेडिओ काढून घेतला. “दोनशे अडतीस,” ती म्हणाली. “ते नोव्हेंबरात. ख्रिसमस त्यात धरलेला नाही.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. युगेत उठली आणि नसलेली राख झाडायला चुलीकडे गेली. एकशे पासष्ट कोणाचे, असं रेजानच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं, मला वाचवायला गिळलं असं मी समजतो. पण मला आयुष्यात एवढं उघडं कधीच वाटलं नव्हतं.

मोठी गाडी दुपारी आली. मोठीसुद्धा उतारावर दोनदा कलंडली. बर्फाचा दर्जा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरी. पाय उशीवर. सहा आठवडे हलायचं नाही.

दुकानाला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं: सदोष माल, विक्रेत्याचा निष्काळजीपणा, ग्राहकाकडे नुसतं बघून त्याला अंदाज यायला हवा होता. हे वाक्य खोडलं. मग पत्रच खोडलं.

रेजानने कपाटाची किल्ली मागितली. क्लबला नवा सचिव लागतो, युगेतने तिलाच केलं. मी म्हणालो, तुला जमणार नाही, अकरा वर्षांचं काम आहे. ती म्हणाली, पावत्या अकरा वर्षं मीच लावत आले आहे. यात थोडं तथ्य असेल.

मग तिने माझे स्नोशू तळघरात नेऊन टाकायच्या आधी अंगणात घालून पाहिले. सहज. दोन फेऱ्या मारल्या. आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नात पाहिलं होतं, नंतर नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज क्लबची डोंगरफेरी. रेजान पहाटेच उठली. माझे चंदेरी स्नोशू तिने पिशवीसकट घालून पाहिले, पट्टा हातमोजा न काढता आवळला. मला म्हणाली, “निवड अगदी बरोबर केलीस, नॉर्मां. माझ्या वजनाला मोजून मापून.” टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. बीन्स ओव्हनमध्ये आहेत म्हणाली आणि गेली.

मी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. युगेतची गाडी शेतापलीकडे रस्त्यावर उभी होती. रस्त्याने वळसा घालून जाता आलं असतं, पण ती शेतातून निघाली. रात्री पुन्हा बर्फ पडला होता, मऊ, ताजा, कोणी न तुडवलेला. असल्या बर्फात मी मांडीपर्यंत गेलो होतो. मी बघत होतो, आता जाईल खाली. आता जाईल.

कुंपणापाशी ती थांबली. वळून बघेल म्हणून मी हात वर केला. ती पट्टा आवळायला वाकली होती. मग पुढे गेली, रस्त्यापर्यंत, आणि मी हात वर तसाच ठेवून बघत राहिलो.

बुडाली नाही.